ताफा थांबत नाही

नौदलातली शेवटची काही वर्षं मी नव्या अधिकाऱ्यांना एकच विषय शिकवत होतो. युद्ध होईलसं वाटू लागलं की दोस्त देशांची तेलाची, धान्याची जहाजं एकत्र करून युद्धनौकांच्या पहाऱ्यात कशी न्यायची, हा तो विषय. त्यातला एक नियम मी पहिल्याच तासाला सांगायचो. एखादं जहाज बंद पडलं तर ताफा थांबत नाही. थांबलेला ताफा म्हणजे शत्रूला आयतं सावज. पोरं माना डोलवायची आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळायचो.

निवृत्तीनंतर पनवेलला फ्लॅट घेतला, कारण बायकोचं माहेर उरणच्या कोळीवाड्यातलं. बाजारात ताजी मासळी मिळाली की तिला बाकी जगाशी देणंघेणं नसतं. आमची मुलगी व्यापारी जहाजावर इंजिनीअर आहे. यंदा आखाताकडे लढाईची चिन्हं दिसू लागली आणि तिचं तेलवाहू जहाज अशाच एका ताफ्यातून निघालं.

एका सकाळी तिचा मेसेज आला. 'इंजिन बंद पडलंय. ताफा पुढे गेला. कामात आहे, काळजी करू नका.' काळजी करू नका म्हटल्यावर जी सुरू व्हायची ती झालीच.

बायको ओट्याशी मांदेली साफ करत होती. "पुढे जाऊन थांबतील ना पण तिच्यासाठी?"

समजावून सांगायची माझी खोड जात नाही. मी ताटात मांदेल्यांच्या दोन रांगा लावल्या आणि कडेने आमसुलं ठेवली, त्या युद्धनौका. एक मांदेली मागे ठेवून बाकीच्या पुढे सरकवल्या.

तिने त्यातल्या दोन उचलून मागच्या एकटीजवळ नेऊन ठेवल्या. मी त्या परत पुढे आणल्या.

मग ती भडकली. एरवी माझ्यासारखंच बोलते, पण जीव घाबरा झाला की माहेरची भाषा येते. "आमच्याकडं होरी बंद परली त बाकीचे जाली टाकून येतान, बांधून किनाऱ्याला आनतान. सोरून नाय जात कोनी. कोनी केला ह्यो नियम?"

नियम बरोबर आहे, मी म्हणालो. आवाज वर्गातलाच लागला.

ती हात धुऊन, फोन घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. शेवटी ते ताट मीच फ्रीजमध्ये ठेवलं, रांगा न मोडता.

दुपारी फोन वाजला. मुलीचा आवाज दमलेला, पण खुशीत होता. इंजिन चालू झालं होतं, ताफाही गाठला होता. आईने रडत रडत पहिला प्रश्न तोच विचारला, कोणी थांबलं होतं का?

"कोणी नाही गं. आणि बरंच झालं. आमच्यासाठी थांबले असते तर सगळेच अडकले असते."

बायकोने फोन माझ्या हातात दिला आणि ती आत निघून गेली.

"बरोबर ना, बाबा?" मुलीने विचारलं.

मी हो म्हणालो. शंभर टक्के बरोबर होतं. फक्त तिने ते इतक्या सहज म्हणायला नको होतं.