बँडचा संस्थापक, मुक्काम हवल्ली

अब्बास मुकादम यांनी सोव्हिएत युनियनमध्ये रॉक बँड काढला होता, असं कुवेतमध्ये कोणाला सांगितलं तर माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, तो स्पीकर बसवणारा ना? मीही हसलो होतो.

हवल्लीत साउंड भाड्याने देणाऱ्या एका दुकानात आम्ही दोघं काम करतो. मी सुदेश, कुडाळचा. ते दापोलीकडचे, खाडीकाठच्या मुसलमान वाडीतले. शाळांची गॅदरिंग, रुमैथियातले वाढदिवस, थंडीत खैरानच्या शॅलेमध्ये, म्हणजे समुद्रकाठच्या बंगल्यांत, सुट्टीला येणारी कुटुंबं, सगळीकडे आम्ही वायरी घेऊन हजर. लोक नाचायला लागले की आमचं काम संपतं, आणि मग आम्ही गाडीत बसून डब्यातली थंड चपाती खातो. अशाच एका दुपारी खैरानला त्यांनी ही गोष्ट सांगितली. तीही मी खोदून खोदून विचारल्यावर, कारण बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हे.

ब्याऐंशी साली शिष्यवृत्तीवर ते मिन्स्कला इंजिनिअर व्हायला गेले. पहिल्या सुट्टीत गावी आले आणि परत जाताना मुंबईच्या चोरबाजारातून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन गेले. तिकडे असली गिटार म्हणजे अप्रूप. हॉस्टेलच्या सहाव्या मजल्यावर कपडे वाळवायची खोली होती, तिथे ओल्या चादरींच्या मध्ये चौघं जमायला लागले. बँडचं नाव ‘सहावा मजला’. चाली अब्बासभाईंच्या, शब्द आणि आवाज ईगर नावाच्या मित्राचा. एका गाण्याला तर अब्बासभाईंनी आपल्याकडचा होडी ओढतानाचा ठेका दिला होता. ईगरला त्याचं कोण कौतुक.

तिथली रीत अशी, की गाण्याचे शब्द आधी समितीला दाखवायचे, शिक्का मिळाला तरच स्टेजवर म्हणायचे. परदेशी विद्यार्थी बँडचा प्रमुख होऊ शकत नव्हता, म्हणून कागदावर प्रमुख ईगर. एक गाणं पावाच्या रांगेवर होतं, त्याला शिक्का मिळाला नाही. या चौघांनी ते कॉलेजच्या हॉलमध्ये भर कार्यक्रमात म्हटलं. पोरं बाकांवर उभी राहिली. पुढच्याच आठवड्यात सामान जप्त झालं, टेपची रिळं पुसून टाकली गेली आणि ईगरला सैन्यात धाडलं. त्या कार्यक्रमाची एकच कॅसेट वाचली होती. जाण्याआधी ईगरने ती अब्बासभाईंच्या हातात दिली. परदेश्याच्या बॅगेत कोणी हात घालणार नाही, तूच सांभाळ, म्हणाला.

अब्बासभाईंनी सांभाळली. डिग्री घेऊन गावी आले, तिकडच्या डिग्रीला इकडे कोणी विचारेना, तेव्हा कुवेतचा व्हिसा मिळाला तो टेक्निशियनचा. कॅसेट घरी कपाटात ठेवली, कुवेतच्या खोलीत दहा जणांत ती हरवेल म्हणून.

त्या काळात आखातात पत्रापेक्षा कॅसेट जास्त जायच्या. गावातून कोणी कुवेतला निघालं, की त्याच्या पिशवीत सुके बोंबील आणि घरच्यांच्या आवाजाची कॅसेट. आई नूरबानूला लिहिता येत नव्हतं. शेजारचा रफीक निघाला तेव्हा तिने कपाट उघडलं. घरात कव्वालीच्या कॅसेट पुष्कळ होत्या, पण पोराला पाठवायची तर चांगली हवी. मिन्स्कहून आणलेल्या हिच्यावर परदेशी अक्षरं होती. परदेशातली वस्तू परदेशात नीट वाजेल, असा त्या माउलीचा हिशेब. तिने टेपरेकॉर्डरचं लाल बटण दाबलं आणि बोलायला सुरुवात केली. मग काका बोलले, आत्या बोलली, वाडीतल्या बाया बोलल्या, दोन्ही बाजू भरत आल्या.

कुवेतमध्ये अब्बासभाईंनी कॅसेट हातात घेतली तेव्हाच त्यांना कळलं. तरीही शेवटपर्यंत ऐकली. दुसऱ्या बाजूच्या टोकाला बायांचा आवाज थांबतो आणि एकदम टाळ्या सुरू होतात. मिन्स्कच्या. गाणी सगळी गेली, टाळ्या तेवढ्या राहिल्या.

"सरकारकडून सुटली होती रे ती," ते म्हणाले. "आयेनं पुसली. तिला काय बोलू?"

छान आवाज आला, एवढंच त्यांनी तिला कळवलं. नव्वदला इराकी सैन्य घुसलं तेव्हा अम्मानमार्गे पळताना त्यांनी सामान टाकलं, कॅसेट खिशात ठेवली. पुन्हा कुवेतला आल्यावर आई गेली, आणि मातीलाही त्यांना पोचता आलं नाही. तेव्हापासून रोज कामावरून आलं की ती कॅसेट. बायको फोनवर वैतागायची, मेलेल्या माणसाला किती बोलायला लावाल म्हणून.

गेल्या वर्षी ईगरच्या मुलीने, लेनाने, त्यांना फेसबुकवर शोधून काढलं. ईगरला अर्धांगवायू झाला होता. वाचा जवळपास गेली होती, पण कॅसेटचं तो विसरला नव्हता. मरण्याआधी बापाला त्याची गाणी ऐकवायची, एवढंच तिचं मागणं. अब्बासभाईंनी खरं सांगायचं ना? कॅसेट गावी आहे, मागवतो, म्हणाले. मग पाऊस आहे म्हणाले, मग माणूस मिळत नाही म्हणाले. मला चीड आली. मी म्हटलं, अब्बासभाई, चाली तुमच्या आहेत, बसा आणि म्हणा. त्यांना ते पटलं. महिनाभर ते दुकानातल्या कीबोर्डवर बसत होते. चाली बोटांत होत्या. शब्द येतील, म्हणायचे.

एका शुक्रवारी सकाळी लेनाने व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर उशीला टेकवलेला एक वाकड्या तोंडाचा म्हातारा होता. अब्बासभाईंना बघून त्याचा एक डोळा हसला. अब्बासभाईंनी सूर धरला. तो होडीचा ठेका मलाही ओळखू आला. त्यांनी तोंड उघडलं.

"अब्बास बाला, आवाज येताय ना? मी बरी हाय. म्हस व्याली. तू जेवतोस ना येलेवर..."

ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा म्हैस व्याली. इतकी वर्षं रोज तेच ऐकलेलं, रशियन शब्दांना आत जागाच उरली नव्हती. रडू येत होतं त्यांना, पण बोटं चालत होती, आणि आईचं बोलणं त्या चालीवर बसतही होतं, हे जास्त वाईट.

ईगर बराच वेळ ऐकत होता. मग मोठ्या कष्टाने त्याने दोन शब्द उच्चारले. अब्बासभाईंनी कीबोर्डवरून हात काढले आणि रशियनमध्ये हळूच उत्तर दिलं. म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली आणि डोळे मिटले. लेनाने फोन बंद केला.

काय विचारलं त्याने, मी म्हटलं.

"विचारलान, कॅसेट खय हाय."

"मग?"

"म्हटलं, माज्या आयेकडं हाय."

ईगरला ते पुरलं. आईकडे आहे म्हणजे नीट असणार, असं कुठल्याही मुलाला वाटतं.