कोरं रजिस्टर

डहाणूत विद्यापीठाचं फळबागांवरच्या पुस्तकांचं छोटंसं ग्रंथालय होतं आणि मी तिथला ग्रंथपाल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद करून पुस्तकं मुख्य ग्रंथालयात न्यायचं ठरलं. वाचक दाखवलेत तर राहील, असं विद्यापीठाचे साहेब म्हणाले. वाचक होते हो, पण नोंद करायचा मला कंटाळा! चिकूचे बागायतदार पुस्तक न्यायचे, मी नुसती मान हलवायचो.

आता जीव टांगणीला लागला. पार गुजरातच्या सीमेवरच्या झाई गावापर्यंत बागा पालथ्या घातल्या. एका बागायतदाराला हात जोडले, "काका, पुस्तक नेल्याची तेवढी सही द्या."

काका दचकले. "सही नको नि दंड नको, हे घ्या तुमचं पुस्तक!"

बातमी पसरली आणि दोन दिवसांत सगळी पुस्तकं परत आली. तपासणीला आलेल्या साहेबांनी कोरं रजिस्टर चाळलं, कपाटांवर नजर फिरवली. "इथून कुणी काही नेतच नाही?"

इतकी भरलेली कपाटं मीही पहिल्यांदाच पाहत होतो.