बेस कॅम्पावरचा आंबेमोहोर

दर दिवाळीनंतर मुळशीहून माझ्या घरी नव्या आंबेमोहोराचं एक लहान पोतं यायचं. अठरा वर्षं आलं. पाठवणारी माझ्या मित्राची आई. मी तिच्या पोराचा जीव वाचवला, अशी तिची समजूत होती. मी ते पोतं घेतलं, भात शिजवला, पाहुण्यांना कौतुकानं वाढला. आणि गप्प राहिलो.

मित्राचं घर मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला. चार खाचरं, वीस-पंचवीस शेरडं. मी खालच्या नांदे गावचा, नोकरी हिंजवडीत. हिमालयातल्या एका शिखरावर जायला आम्ही सहा जण जमलो होतो. पाच ऑफिसवाले आणि सहावा तो. रविवारी त्याच्याच घरामागच्या डोंगरावर सराव चाले. वजनासाठी आम्ही सॅकमध्ये दगड भरायचो. तो भात भरायचा आणि डोंगरापलीकडच्या गिरणीतून कांडून आणायचा.

"दगूड वर न्यायचं, दगूड खाली आणायचं," तो म्हणायचा. "लई शिकलं की असं व्हतं व्हय रं, सायबा?"

मी नेहमी त्याच्या मागे. शंभरेक पावलं झाली की तो थांबायचा. वळून बघायचा नाही. माझी धाप ओसरल्याचं त्याला पाठीनंच कळायचं, मग निघायचा. त्या थांबण्याची इतकी सवय झाली होती, की आजही चढावर माझे पाय आपोआप अडतात. पुढे कुणी नसतं.

आमच्या सहांतलेच एक मोहिमेचे प्रमुख होते, त्यांना सगळे सर म्हणत. त्यांची एक अट होती: तंबाखू सहा महिने आधीच बंद. मित्रानं सरांसमोर बंद केली. रस्ता संपतो त्या शेवटच्या गावापर्यंत त्याच्या पायमोज्यात पुडी होती, आणि हे फक्त मला माहीत होतं. तिथून पायी निघताना त्यानं ती माझ्या हातात दिली.

"टाक कुटंबी. मला दिसंल असं टाकू नगस."

तिसऱ्या दिवशी बेस कॅम्पाला पोचलो. ते पहिले दोन दिवस मला अजून हवे असतात. शिखराचं मला काही नाही, पण ते दोन दिवस कुणी परत देईल तर मी काहीही देईन. दगड बाजूला सारून तंबूंसाठी जागा केल्या. चार पावलं चाललं तरी दम लागे आणि त्याचंच हसू येई. मित्राच्या आईनं सगळ्यांसाठी तांदूळ दिला होता. इतक्या उंचीवर पातेल्यात भात शिजेना, वरून गिचका आणि आतून कच्चा. मित्र पातेल्याकडे बघत बसला होता.

"पाणी उकळतंय, पर तापत न्हाई. ह्ये बी ऑफिसातलं दिसतंय," तो म्हणाला. सरसुद्धा हसले.

शेवटी कुकर काढला. शिट्टी झाली तसा आंबेमोहोराचा वास बर्फावर पसरला. सहा जण पेले-वाट्या घेऊन भोवती उभे. मुळशी तिथं आली होती.

बेस कॅम्पावरच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तो तंबूत डोकं धरून बसला होता. "लई ठणकतंय. कुणाला सांगू नगस."

मला लगेच आठवलं. माझ्या वडिलांनी तंबाखू सोडली तेव्हा ते आठवडाभर डोक्याला फडकं बांधून बसले होते. मित्राला हे ठाऊक नव्हतं. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच सोडली होती. तो नीट जेवत होता, झोपत होता. विरळ हवेनं उंची लागली असेल असं मला वाटलं नाही. लागली असेलही, मी काही डॉक्टर नाही. पण मला तसं वाटलं नव्हतं, आणि माझा गुन्हा तेवढ्यातच आहे.

कारण शिखरावर चौघंच जाणार होते. तो नक्की होता. मी पाचवा होतो.

मी सरांकडे गेलो आणि त्याचं डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. आवाजात काळजी आणली.

"दुसरं काही कारण? जागरण, उपास?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

उंची लागली तर जीवही जातो, म्हणून सरांनी तासाभरात एका हमालासोबत त्याला खाली धाडलं. तंबाखूचं तो बोलणार कसा? सहा महिन्यांचं खोटं उघडं पडलं असतं. आणि दुखण्याचा तंबाखूशी संबंध आहे हे त्याला कुठं माहीत होतं! जाताना त्यानं माझा खांदा दाबला. "बरं केलंस, गड्या. मी बोललोच नसतो."

मी चौघांत गेलो. वरही पोचलो.

त्यानंतर त्याला दोनदा मोहिमेचं बोलावणं आलं. दोन्हीदा तो नाही म्हणाला. "डोंगरानं मला घेतलं न्हाई. आपली उंची धरणाच्या भिंतीयेवढी," असं हसून सांगायचा. आमच्यातला सगळ्यात चांगला चढणारा तो होता.

यंदा पावसाळा सरताना त्याची आई गेली. दहाव्याला त्यानं चार माणसांत माझा हात धरून सांगितलं, "आई शेवटपातुर ह्याचं नाव घ्यायची." मला तिथं उभं राहवेना. आठवड्यानं मी परत गेलो. तो बांधावर शेरडं चारत होता. सगळं सांगितलं. पुडी, वडील, सरांचा प्रश्न, माझं उत्तर.

तो काठीनं माती उकरत राहिला.

"म्हंजे मला उंची लागली नव्हती?"

"नसावी."

"आन् हे तुला तवाच ठावं हुतं."

"हो."

"वर काय दिसलं रं?"

अठरा वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. इतरांना मी पुष्कळ वर्णनं करून सांगितली होती. त्याला खरं सांगितलं.

"ढग होते. काहीच दिसलं नाही."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आईला तरी सांगायचं हुतंस," तो म्हणाला. "सुगीचं पहिलं पोतं तुझं, ते भरताना कुणाला हात लावू द्यायची न्हाई ती."

मग शेरडं हाकत तो चढाला लागला. मी मागे निघालो. शंभर पावलं झाली, दीडशे झाली. मला धाप लागली. तो थांबला नाही.

दिवाळी होऊन महिना झाला. पोतं आलं नाही, यायला नकोच होतं. परवा दुकानातून तांदूळ आणला. पिशवीवर आंबेमोहोरच लिहिलंय. कुकरची शिट्टी झाली तसा मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. बायकोनं विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, काही नाही, वास येतोय का बघतोय.