गुणाजीची खिडकी

आमच्या मये गावच्या जत्रेतल्या नाटकासाठी गुणाजी जंगलाचा पडदा घेऊन पार्सेहून निघणार होता. सकाळी फोन वाजला, तो त्याच्या भावाचा. "गुणाजी ऱ्हवलो नाय, भाऊ." आणि मी काय म्हणालो असेन? "मग पडदा?" अगदी हेच म्हणालो… आदल्या संध्याकाळी तर तो माझ्याशी पानांच्या हिरव्या रंगावरून कडाकडा भांडला होता. सकाळी चहा पिता पिता त्याने छातीला हात लावला आणि सगळं संपलं. महिना उलटून गेला, तरी हे लिहिताना अजून खरं वाटतच नाही.

पोटासाठी तो पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा, जीव मात्र रंगात. गावोगावच्या जत्रांतल्या नाटकांचे पडदे त्याचे. खाणीची तांबडी धूळ डब्यात भरून आणायचा आणि राजवाड्याच्या भिंतींना तीच लावायचा. एकदा ऐन प्रवेशात आमच्या प्रधानाने हातातला कंदील पडद्यावरच्या कोनाड्यात ठेवला, रंगवलेल्या कोनाड्यात! कंदील खळकन फुटला आणि अख्खा मांडव हसायला लागला. विंगेत गुणाजीचा आनंद गगनात मावेना. "बघलंस मरे, भाऊ? फसलो तो, फसलो!" त्याची बायको, शालनवहिनी, शेजारीच उभी होती. "कंदील आमचो फुटलो," ती शांतपणे म्हणाली.

तिचं काही चुकत नव्हतं. राजाच्या महालाला सोनेरी नक्षी, आणि तिच्या घराला कित्येक वर्षांत चुना नाही. स्वयंपाकघर तर भर दुपारीही काळोखं. मागची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेली, त्यामुळे खिडकी पाडायला जागाच नाही. दिवसासुद्धा बल्ब लावून ती भाकऱ्या भाजायची आणि एकच धोशा लावायची, खिडकीचा. "करता गे" म्हणून हा पडदा रंगवायला पळायचा. जत्रेच्या आधी मी पार्सेला गेलो तर बघतो काय, पठ्ठ्याने त्या भिंतीवर खिडकी रंगवायला घेतलेली! चौकट, गज, उघडी दारं… सावल्यांसकट. "भायर काय काढू गे?" तो विचारत होता. "मयेचा तळा काढू? दर्यो काढू?" उजेडासाठी कावलेल्या वहिनीने तवा आपटला. "माका तुझा तळा नको नि दर्यो नको. माका उजवाड होयो!" मी हसलो. तोही हसला, पण मग बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला.

बाराव्याला गेलो, तर जंगलाचा पडदा ओटीवर तसाच गुंडाळलेला होता. आत स्वयंपाकघरात ती खिडकी. गजांपलीकडे तळं नाही, दर्या नाही, नुसता फिकट पिवळा रंग, सकाळी उन्हं यायच्या आधी असतो तसा. अर्धवटच राहिली की रे तुझी, असं मनात आलं. त्याच्यावर रागही आला, इतकी घाई कसली होती म्हणून… त्याच्या जोडीच्या रंगाऱ्याला पाठवून ती पुरी करून देतो, असं मी वहिनीला म्हणालो.

ती भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत बसली होती. बल्ब बंद होता.

"नको भाऊ," ती म्हणाली. "मिया उजवाडच मागितललो. तितको देवन गेलो."