उरलेला अर्धा फळा

सुमनआक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईच्या घरी मेथी निवडत बसले होते. फोनवर तिचा मुलगा मिलिंद होता. "मावशी, आई गेली. दुपारचं जेवली, आडवी झाली... उठलीच न्हाई," एवढंच तो बोलला. तिचं वय झालं होतं, त्रास काही झाला नाही, आणि शेवटपर्यंत ती कुणाचंच ऐकत नव्हती. हे सगळं आठवून त्याही स्थितीत मला बरं वाटलं. निवडलेली मेथी तशीच ठेवून मी गेवराईची गाडी धरली.

गेवराई तालुक्यात, चकलांब्याच्या अंगाला आमचं गाव. लग्न होऊन मी तिथं गेले तेव्हा सुमनआक्का गावच्या दूध संस्थेची सचिव होती. बौद्ध घरातली, मास्तरांची मुलगी, अक्षर मोत्यासारखं. संस्थेच्या दाराशी एक मोठा काळा फळा होता. त्यावर ती रोज सकाळी फॅटप्रमाणे दुधाचा भाव लिहायची. भाव अर्ध्या फळ्यातच मावायचा, उरलेला अर्धा रिकामा राहायचा. मी म्हशीचं दूध घालायला जायचे, त्या ओळखीतून आमचं बोलणं वाढलं. कॉलेजात असताना माझे दोन-चार लेख वार्षिक अंकात आले होते, हे मी तिला एकदा सांगून बसले. वर हेही म्हणाले, की आता वेळच मिळत नाही, मिळाला की लिहीन. तिनं दुधाचं माप ओतता ओतता विचारलं, "म्हशीची धार काढायला वेळ मिळतो का गं तुला?" मी म्हटलं, ती तर काढावीच लागते. "का? तर ती टायमाला हंबरती म्हणून. लिखाणाला हंबरता येत न्हाई, मंदा. त्याचा टाइम आपुन ठरवायचा." आणि तिनं खडू माझ्या हातात दिला. दूध घातलं की रांग संपायच्या आत उरलेल्या फळ्यावर काहीतरी लिहायचं. काहीही.

पहिल्या दिवशी मी खडू घेऊन फळ्यापुढं उभी राहिले. रांगेतली माणसं मागून बघत होती. सुचलं ते लिहिलं, की काल रात्री आमच्या म्हशीनं सासूबाईंचं लुगडं चघळलं. गाव हसलं. मी घरी पोहोचायच्या आत बातमी सासूबाईंपर्यंत गेली होती. आता काय ऐकावं लागतंय म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. त्या शांतपणे म्हणाल्या, "लुगडं न्हवतं ते, जुना टावेल हुता. उद्या तसं लिव." त्यांना वाचता येत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी त्या स्वतः किटली घेऊन आल्या, आणि दुरुस्ती आक्काकडून मोठ्यानं वाचून घेतली, तेव्हाच त्यांचं समाधान झालं.

आक्कानं कधी चांगलं लिहिलंस म्हटलं नाही. वाईटही म्हणाली नाही. संध्याकाळी संस्था बंद करताना ती फळा पुसायची आणि विचारायची, "उद्या काय?" एकदा माझ्या आजीविषयीचं चार ओळींचं लिखाण माझं मलाच फार आवडलं. मी म्हटलं, आक्का, हे राहू दे ना दोन दिवस. तिनं पुसलं. मी रुसले, तेव्हा म्हणाली, "ठिवलं तर उद्या तू त्याच्याकडंच बघत बसशील." तेव्हा राग आला होता... पण हळूहळू ध्यानात आलं, की संध्याकाळी पुसलंच जाणार म्हटल्यावर आपण लिहायला घाबरत नाही. चुकलं तर एक दिवसच चुकलेलं राहतं.

मग दुष्काळ आला. विहिरींनी तळ गाठला, गावात टँकर सुरू झाला. आमची म्हैस चारा छावणीत गेली आणि तिच्यासोबत माझे यजमानही तिकडेच राहिले. घालायला दूध नाही, तर संस्थेत कुठल्या तोंडानं जायचं? मी जायचं बंद केलं. एका सकाळी आक्का दारात उभी. "दूध न्हाई तर न्हाई. फळा रिकामा हाय," एवढंच म्हणाली आणि वाट पाहत उभी राहिली. मी चप्पल घातली.

तेव्हापासून मी छावणीतल्या बातम्या लिहायला लागले. यजमान निरोप पाठवायचे, कुणाची गाय व्याली, कुणाचा बैल चारा खाईना झाला, कोण तापानं पडलंय आणि त्याला भाकरी कोण देतंय. आपलं माणूस आणि जनावर कसं आहे हे कळावं म्हणून लोक रिकाम्या हातानं संस्थेकडे यायला लागले. एका संचालकाला ते पटलं नाही. "ही दुधाची संस्था हाय का शाळा? दूध न्हाई तर कुलूप लावा," तो आक्काला म्हणाला. माझ्या हातातला खडू तसाच राहिला. आक्का खुर्चीवरून उठली नाही. म्हणाली, "भाऊ, दूध घालायला आता मूठभर माणसं येत्यात. वाचायला सारं गाव येतंय. कुलूप लावलं तर पाऊस पडल्यावर ही माणसं परत यायची कशावरून?" तो निघाला, पण जाताना फळ्यापुढं थांबला. त्याचीही गाय छावणीत होती.

फळ्यामुळं संस्था तगली असं मी म्हणणार नाही. पण पाऊस झाला, जनावरं परतली, आणि लोक दूध घेऊन त्याच दारात आले. पुढं मुलांच्या शिक्षणासाठी आम्ही अंबाजोगाईला आलो. सकाळची सवय सोबत आली. फळ्याच्या जागी कागद आले, लेख छापून यायला लागले. पहिलं पुस्तक घेऊन मी आक्काकडे गेले. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "हे तर पुसता येत न्हाई की," म्हणाली, आणि मग किती तरी वेळ मांडीवरून खाली ठेवलं नाही.

आक्काच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीनं तिच्या स्मरणाचा कार्यक्रम झाला त्या रात्री मी मिलिंदकडेच राहिले. पहाटे नेहमीच्या वेळी जाग आली. आज नको, असं मनात आलं. पण पडून राहवेना. आक्काच्या सुनेकडं कागद मागितला, तर तिनं कॅलेंडरचं जुनं पान दिलं. ओट्यावर बसले आणि समोर दिसलं ते लिहू लागले. थोड्या वेळानं मिलिंद चहा घेऊन आला. "आईवर लिवताय का, मावशी?"

"नाही रे. तुमच्या गायीवर. चंद्रीवर."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो हसला. "मग नाव तरी नीट लिवा. चंद्री न्हवं, चंदाराणी. आईनं ठिवलंय."

मी चंद्री खोडलं, चंदाराणी लिहिलं, आणि त्यानं दिलेला चहा घेतला.