बँडच्या फोटोला हार

आमचा बँड बंद होणार की काय, या काळजीने मी जेवढा वाळलो तेवढा टायफॉइडनेही वाळलो नव्हतो. आमचा म्हणतो खरा, पण त्यातले पाचही जण विलायतेत राहतात, पाचांनीही सत्तरी ओलांडलेली, आणि मी वाशिमकडचा, नववीतून शाळा सोडलेला टेम्पोवाला. त्यांच्या गाण्यांतलं एक अक्षर मला कळत नाही. तरी त्यांच्या गिटारवाल्याचा गुडघा दुखतोय असं समजलं, तेव्हा मी गावी आईला फोन लावून गुडघ्याला कोणतं तेल चांगलं ते विचारलं होतं. कोणाच्या गुडघ्याला, हे तिला सांगितलं नाही.

मार्केट यार्डात मी फुलांचा माल वाहतो आणि दुपारनंतर मिळेल ते भाडं घेतो. एकदा नारायण पेठेतल्या एका काकांचे दुरुस्त केलेले स्पीकर घरी पोचवायचे होते. कपाटाएवढे स्पीकर. पहिल्या मजल्यावर चढवले, धापा टाकत पाणी मागितलं. काका म्हणाले, "बसा. नीट वाजतात का ते ऐकूनच जा, बिघडले असतील तर परत तुम्हालाच न्यायचे आहेत." त्यांनी रेकॉर्ड लावली. ड्रम सुरू झाले आणि माझ्या हातातलं पाणी पेल्यातल्या पेल्यात थरथरायला लागलं. एक बाजू संपली तरी मी उठेना. काका म्हणाले, "अहो, आवडलं असेल तर रविवारी सकाळी या. नसेल आवडलं तर भाडं घ्या आणि जा." मी भाडंही घेतलं आणि रविवारीही गेलो.

तिथे मंडळ भरायचं. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. एक मॅडम, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या. एक वारज्याचा आयटीतला पोरगा. आणि मी. आठवडाभर गाळ्यावर मला 'ए टेम्पो' म्हणतात, खोलीवरचे तिघे तर काहीच म्हणत नाहीत, नुसते मोबाईल बघतात. रविवारी मात्र पोहे मिळायचे आणि मॅडम चष्मा वर करून विचारायच्या, "तुमचं काय मत?" माझं मत तोवर कोणी विचारलं नव्हतं. शाळेत तर नाहीच नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला पोह्यांचा ठसका लागला होता.

मंडळाचा मुख्य धंदा म्हणजे तर्क. बँड आणखी किती अल्बम काढणार आणि निरोप कधी घेणार? आयटीवाला मागच्या अल्बमचं कव्हर मोठं करून दाखवायचा. "हे बघा, दार अर्धं उघडं आहे. म्हणजे दोन अल्बम अजून बाकी."

"दार अर्धं उघडं म्हणजे कडी बिघडलेली असेल," काका म्हणायचे. "ड्रमवाल्याने बंगला विकायला काढलाय. हिशेब संपला."

मॅडमचं म्हणणं, शेवटचा अल्बम विजेच्या वाद्यांशिवाय असणार, कारण म्हातारपणी माणूस आवाज कमी करतो. त्यावर खालच्या मजल्यावरच्या काकूंची आठवण निघायची. दर रविवारी त्या वर येऊन सांगायच्या, "तुमचं ते ढुमढुम माझ्या फडताळातल्या बरण्यांना ऐकू येतं."

मला विचारलं की मी म्हणायचो, "काहून बंद करतील बाप्पा? घरी बसून करतील काय? बायका हाकलून देतील."

सगळे हसायचे. मी हसत नव्हतो, कारण काकांनी एकदा पोहे खाता खाता जाहीर केलं होतं, "बँड थांबला की मंडळ थांबलं. सिस्टीम विकायची, मी मुलीकडे बंगळुरूला जायचं. मंडळं कशी सडतात ते मी पाहिलंय. वेळेत आटपावं." काका बोलले की झालं. बँड गेला असता तरी गाणी मोबाईलवर उरली असती. पण रविवार कुठून डाउनलोड करायचा?

आणि बातमी आलीच. नवा अल्बम, तोच शेवटचा, मग त्यांच्या गावात निरोपाचा एक कार्यक्रम आणि बस. अल्बम शुक्रवारी येणार होता. आमचा नियम असा की रविवारी एकत्र बसल्याशिवाय कोणी ऐकायचा नाही. आयटीवाल्याने दोन दिवस मोबाईल आईकडे ठेवायला दिला.

काका म्हणाले, "रीतसर निरोप समारंभ करू. शाल, श्रीफळ, हार. सत्कारमूर्ती हजर नसले तरी चालतं, पुण्यात बरेचदा ते भाषण संपायच्या आत निघूनच जातात."

हार आणायचं काम माझ्याकडे आलं. मनात एवढी धाकधूक होती की मी बाजारातला सगळ्यात जाड, निशिगंध आणि गुलाबांचा हार उचलला. काकांकडे आणल्यावर प्रश्न आला, घालायचा कोणाला?

"मला कशाला? मी काय गायलोय?" काका म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, "माझी साडी बघा. डाग जायचे नाहीत."

"मला घालाल तर फोटो जाईल घरी," आयटीवाला म्हणाला, "आणि आई विचारेल मुलगी कोण आहे."

मी तर हातच जोडले. मग काकांनी न्याय केला, सत्कार ज्यांचा त्यांना हार. भिंतीवर बँडचा मोठा फोटो होता, पाच जण काळ्या कपड्यांत. हार त्याला घातला. नारळ फोटोपुढे स्टुलावर, त्याखाली शालीची घडी. नव्या अल्बमला काका नेहमी उदबत्ती लावतात, ती स्टुलाच्या कडेला लावली. मागे सरकून सगळ्यांनी पाहिलं. "छान दिसतंय," मॅडम म्हणाल्या. चार शहाणी माणसं, कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

अल्बम वाजला. शेवटचं गाणं संपलं की आम्ही थोडा वेळ खाली मान घालून गप्प बसतो, हाही नियमच. मॅडमचे डोळे ओले होते. माझेही, पण मी गाण्यासाठी नव्हतो रडत.

तेवढ्यात काकू दारात आल्या. बरण्यांची तक्रार ओठांवर होती, ती तिथेच राहिली. दाराबाहेर चपला, आत मान खाली घातलेली माणसं, उदबत्तीचा धूर.

"अगंबाई! कधी?"

काका मान वर न करता म्हणाले, "गेल्या आठवड्यातच कळलं."

"पाचही?"

"पाचही. एकमताने ठरवलं म्हणतात."

काकू मटकन खुर्चीत बसल्या. "एकमताने! आणि घरच्यांनी अडवलं नाही?"

"अडवतील कशाला? सुटले बिचारे."

काकू उठल्या, पदर सावरून फोटोपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीमागून मी फोटो पाहिला आणि मला एकदम दिसलं, आपण काय करून ठेवलंय ते. मी ओरडलोच, "काकू, जित्ते हायेत ते! जित्ते हायेत!"

मॅडमनी जीभ चावली. काका खुर्चीवर चढून हार काढायला लागले, तो खिळ्यात अडकला.

"जिवंत?" काकू फिरल्या. "मग फोटोला हार कोणत्या शहाण्याने घातला?"

"सर्वानुमते घातला," खुर्चीवरून काका म्हणाले.

"रिटायर झालेत ते, काकू," आयटीवाला पुटपुटला.

"आमचे हे रिटायर झाले तेव्हा हार त्यांच्या गळ्यात घातला होता. भिंतीवर नाही." मग त्यांना हसू फुटलं आणि आवरेना. डोळे पुसत म्हणाल्या, "असू दे. माणूस गेल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. तुम्ही तर हारसुद्धा घातलात. आता काही हे पाच जण इतक्यात थांबत नाहीत."

आयटीवाला ताडकन उठला. "म्हणजे अजून एक अल्बम!"

मी काकांकडे पाहिलं. शेवटी मॅडमनीच विचारलं, "मग मंडळाचं काय? आज विसर्जन ना?"

काका हार हातात घेऊन खाली उतरले. खुर्चीत बसले. हारातल्या गुलाबाची एक पाकळी चुरली.

"दार अर्धं उघडं आहे, या पुराव्यापेक्षा हा पुरावा काही कच्चा नाही," ते म्हणाले. "पुढचा अल्बम येईपर्यंत मंडळ चालू."

"आणि आला नाही तर?" मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही फारच अडाणी बोललो.

"अहो, आला नाही तर येईपर्यंत."