दादाने ओतलेले मासे

सत्तर सालच्या आसपास लोणावळ्याला स्टेशनजवळ आमचं लहानसं हॉटेल होतं. वडील गेल्यावर गल्ला थोरल्या भावाकडे गेला आणि लग्न मोडून माहेरी आलेल्या माझ्याकडे स्वयंपाकघर आलं. मुंबईच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने वलवणचा बंगला विकताना समुद्रातले मासे ठेवायची काचेची मोठी पेटी आम्हाला देऊन टाकली. दादाने ती दर्शनी खोलीत मांडली. "लोणावळ्यात समुद्र! लोक बघायला म्हणून येतील, चहा पिऊन जातील," म्हणाला. बाकी सगळं माझ्यावर पडलं.

त्या गिऱ्हाइकाच्या बायकोने जायच्या आधी मला जवळ बसवून सगळं शिकवलं होतं. समुद्राचं पाणी मुंबईहून काचेच्या बुधल्यांतून आणायचं. पेटीतलं आटलं की वरून साधं पाणी घालायचं, खारं नाही, कारण पाणी उडतं, मीठ मागे राहतं. आमच्याकडच्या गारठ्यात वर दिवा लावून ऊब धरायची. आणि नवा मासा आला की अजिबात घाई नाही. घाट चढून आलेला जीव भेदरलेला असतो. त्याच्या डब्यात आपलं पाणी वाटीवाटीने मिसळायचं, अंधार ठेवायचा, पहिल्या दिवशी खाणं द्यायचं नाही. मग काही आठवडे वेगळ्या टबात. अंगावर काही उमटलं नाही आणि नीट खाऊ लागला, तरच पेटीत सोडायचा.

पहिले चार मी असेच रुळवले. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे. कोलंबी बारीक चिरून धरली की थेट बोटांपाशी यायचे. दादा येताजाता म्हणायचा, "माशांचं बाळंतपण चाललंय."

मे महिन्याच्या गर्दीत तो मुंबईहून दोन डबे भरून मासे घेऊन आला. झाकण उघडून पाहिलं तर एकाच्या परांवर रव्यासारखे पांढरे कण.

"हे टबात जाणार," मी म्हटलं.

"सगळ्या खोल्या भरल्यात. पाहुण्यांना काय टब दाखवू?"

"अरे, एकाला रोग आहे. बाकीच्यांना लागेल."

"मासे आहेत ते. तुझी पोरं नाहीत."

मला मूल नव्हतं. ते त्याला माहीत होतं, म्हणूनच तो तसं बोलला. मी डबे उचलून स्वयंपाकघरात नेले आणि पाणी मिसळायला लागले. मग भाजी आणायला मला बाजारात जावं लागलं. आंदर मावळातल्या एक मावशी आमच्याकडे कामाला होत्या, त्यांना बजावून गेले की डब्यांना कुणाला हात लावू देऊ नका.

परत आले तर मावशी दारातच उभ्या. "ताई, म्या लय इनवलं. मालक ऐकत्यात व्हय? दोनी डबं वतलं त्येंनी."

दर्शनी खोलीत सगळे दिवे लावलेले. पाहुणे काचेवर टकटक करत होते आणि दादा वरून पावाचे तुकडे टाकत होता. नवे मासे दगडांमागे अंग चोरून बसले होते. माझे चौघे वर आले होते. त्यांना वाटलं, कोलंबी आली.

आठवड्याच्या आत ते पांढरे कण सगळ्यांच्या अंगावर दिसले. मासे दगडांवर अंग घासायचे, धापा टाकायचे. माझ्या चौघांना मी टबात हलवलं, पाणी बदललं, पण उशीर झाला होता. चारांतला एक वाचला. पेटीतला एकही नाही.

मेलेले मासे मी ताटात काढले आणि नाश्त्याच्या वेळी, भरल्या खोलीत, गल्ल्यावर नेऊन ठेवले.

"दाखव आता पाहुण्यांना."

"पाणीच खराब असेल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "शनिवारी दुसरे आणतो."

पाणी खराब! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी आत गेले, पेटत्या चुलीवर पाणी ओतलं आणि स्वयंपाकघराला कुलूप लावलं. मावशी माझ्या शेजारी पायरीवर बसल्या. बाहेर पोहे मागणारे, चहा मागणारे, पोरांना दूध मागणारे. दादा आधी ओरडला, मग विनवू लागला.

"काय पाहिजे तुला?"

"पेटी मागच्या पडवीत जाईल. मासा मी आणीन तेव्हा येईल."

त्याने मान डोलावली तेव्हा पाहुण्यांना दुपारचं जेवण मिळालं.

पेटी घासून उन्हात वाळवली. पावसाळा संपल्यावर दोनच मासे आणले, टबात ठेवले, सावकाश पेटीत सोडले. वाचलेला पट्टेवाला पहिले काही दिवस त्यांच्या अंगावर धावून गेला, मग त्यांच्याबरोबर खाऊ लागला.

दिवाळीत दादा पाहुण्यांना घेऊन पडवीत आला. मी आत कणीक मळत होते. "आमच्याकडे मासे टिकतात," तो सांगत होता. "जीव लावावा लागतो हो."

मी कणकेच्या हातांनीच बाहेर आले. "यांनी मारलेले किती, तेही विचारा," म्हटलं.

पाहुणे हसले. दादाही हसला, जणू मी थट्टाच केली होती. मग त्याने माझ्याकडे न बघता सर्वांसाठी चहा सांगितला.